माथेरानच्या वाफेच्या इंजिनाचा पोकळ आस

बार्शी लाइट रेल्वे ही अरुंद लोहमार्गाची रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत गेली. तिचे कर्ते अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी हलक्या रुळांवर जड वाहतूक करता यावी यासाठी इंजिन व डबे यांच्या प्रत्येक आसावर, म्हणजे दोन चाके जोडणाऱ्या दांड्यावर, सुमारे पाच टनच भार यावा असा दंडक घालून दिला होता. हेच कॅलथ्रॉप पुढे नेरळ–माथेरान मार्गाचे सल्लागार झाले आणि तेथे त्यांच्यापुढे याहून बिकट प्रश्न उभा राहिला.

सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या चिकाटीतून १९०७ मध्ये खुला झालेला हा सुमारे २१ किलोमीटरचा, दोन फूट रुंदीचा मार्ग काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट चढतो. अशा चढावर चाके घसरू नयेत म्हणून इंजिनाचे सारे वजन ओढणाऱ्या चाकांवरच पडावे लागते. परंतु सहाही चाके एकमेकांना जखडली, तर डोंगराच्या कडेने जाणाऱ्या तीव्र वळणांवर ती रुळांत अडकतात. म्हणजे चढाला हवे ते वळणाला नको होते. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने बांधलेल्या चार इंजिनांत यावर क्लीन-लिंडनर रचनेचा उपाय योजण्यात आला. तीत पुढचा व मागचा आस दुहेरी असतो: आतला भरीव दांडा सांगाड्यात पक्का बसून फिरतो, तर चाके धरणारी बाहेरची पोकळ नळी त्याच्या मध्यावरील गोलाकार सांध्यावर टेकलेली असल्यामुळे दांड्याबरोबर फिरत असतानाच थोडी तिरकी होते आणि बाजूलाही सरकते. दट्ट्याची, म्हणजे वाफेने मागेपुढे होणाऱ्या पिस्टनची, ताकद त्यामुळे सहाही चाकांना मिळते, तरीही वळण घेता येते. महाराष्ट्रात चाललेल्या यंत्रांपैकी इतकी देखणी युक्ती क्वचितच आढळेल.

या घाटात इंजिन चालवणे हे कसबाचे काम होते, कारण चढावर बॉयलरमधील पाणी एका बाजूला कलते आणि अग्निपेटीचा माथा उघडा पडला तर तो तापून फुटण्याचा धोका असतो. म्हणून कोळसा घालणाऱ्याला आगीइतकेच पाण्याच्या पातळीकडेही लक्ष द्यावे लागे. पावसाळ्यात गाडी बंद राही. १९५० च्या दशकात डिझेल इंजिने आली, तरी वाफेची इंजिने १९८२ पर्यंत कामावर होती.

त्यानंतर ती विखुरली. ७३८ क्रमांकाचे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, ७४० क्रमांकाचे ब्रिटनमधील लेटन बझार्डच्या छोट्या लोहमार्गावर पोहोचले आणि नेरळ स्थानकातही एक इंजिन प्रवाशांना पाहता येते. रंगरंगोटी करून चौथऱ्यावर ठेवलेले इंजिन भंगारात जाण्यापासून वाचते, हे मोठेच काम आहे. मात्र पोकळ आसाची करामत उभ्या इंजिनात दिसत नाही, ती वळणावर चालतानाच कळते. खुद्द मार्गालाही २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीने उद्ध्वस्त केले, २०१९ च्या पावसानंतर तो पुन्हा तुटला आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला. युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत त्याचे नाव २००५ पासून आहे. या चार इंजिनांपैकी एक तरी पुन्हा या घाटात चालवायचे ठरले, तर बॉयलरच्या नळ्या बदलणे, पाण्याच्या दाबाने त्याची चाचणी घेणे आणि त्या गोलाकार सांध्यांची झीज भरून काढणे ही कामे करावी लागतील, आणि ती हाताने करू जाणणारे कारागीर कार्यशाळांत उरले आहेत तोवरच त्यांच्याकडून नव्या पिढीने ती शिकून घेतली पाहिजेत.