रॅम्से मॅकडोनल्ड : एका पक्षाचा श्रद्धाभंग

रॅम्से मॅकडोनल्ड हे नाव मराठी वाचकाच्या परिचयाचे असते ते 1932 च्या जातीय निवाड्यामुळे, आणि त्या निवाड्यापाठोपाठ येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी आरंभिलेल्या उपोषणामुळे व त्यातून झालेल्या पुणे करारामुळे. परंतु आपल्याकडील अस्पृश्यांच्या आणि अन्य समाजांच्या मतदारसंघांचा फैसला करावयास बसलेल्या या गृहस्थास त्याच्या स्वतःच्या पक्षाने आदल्याच वर्षी बडतर्फ केले होते, आणि ज्या सभागृहांतून त्याच्या नावाचा जयजयकार चालत असे त्याच सभागृहांतून त्याच्या नावाने बोटे मोडली जात होती, ही गोष्ट आपल्या ध्यानात सहसा येत नाही. पुढाऱ्याच्या वर्तनामुळे अनुयायांचा पक्षावरील विश्वास उडणे हा प्रकार लोकशाहीत नित्याचा असला, तरी तो बहुधा हळूहळू, वाळवी लागावी तसा घडतो. ब्रिटिश मजूर पक्षाच्या बाबतीत मात्र तो 1931 च्या ऑगस्ट महिन्यातील दोन दिवसांत, दप्तरी नोंद होऊन, उघड्यावर घडला.

मॅकडोनल्डचा जन्म 1866 साली स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरील लॉसीमाउथ या कोळ्यांच्या गावी एका अविवाहित शेतमजूर स्त्रीच्या पोटी झाला. कसलाही वारसा, घराणे वा विद्यापीठ पाठीशी नसता हा मनुष्य 1900 साली स्थापन झालेल्या, पुढे मजूर पक्ष म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचा पहिला चिटणीस झाला. पण त्याच्याविषयीची श्रद्धा खरी दृढ झाली ती 1914 साली. महायुद्धास पाठिंबा देण्याचे त्याच्या पक्षाने ठरविले तेव्हा त्याने पार्लमेंटातील पक्षाच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. त्यापायी वृत्तपत्रांनी त्याला देशद्रोही ठरविले, एका साप्ताहिकाने त्याचे अनौरसत्व जगापुढे मांडण्यासाठी त्याचा जन्मदाखला छापला, त्याच्या गावच्या गोल्फ क्लबाने त्याचे नाव सभासदांच्या यादीतून काढून टाकले आणि 1918 च्या निवडणुकीत लेस्टरच्या मतदारांनी त्याला घरी बसविले. एवढे सोसून जो आपल्या मतापासून ढळला नाही, त्याच्याविषयी खाणीत आणि गिरणीत राबणाऱ्या माणसाच्या मनात जे मानाचे स्थान निर्माण झाले, ते केवळ वक्तृत्वाने मिळण्याजोगे नव्हते, जरी वक्तृत्वही त्याच्यापाशी भरपूर होते. 1922 साली पार्लमेंटातील मजूर सभासदांनी 61 विरुद्ध 56 मतांनी त्यालाच पुन्हा नेता निवडले, आणि हे पाच मतांचे आधिक्य मुख्यतः ग्लासगोकडील जहाल सभासदांनी पुरविले होते. त्या जहालांत इमॅन्युएल शिनवेल नावाचा एक तरुण होता. त्याचे नाव पुढे यावयाचे आहे.

हिंदुस्थानातील राजकारणी मंडळींनाही मॅकडोनल्ड आपलासा वाटे. हिंदी जागृतीवर त्याने 1910 साली पुस्तक लिहिले होते; 1911 च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद त्याला देऊ केले होते, परंतु पत्नीच्या मृत्यूमुळे तो येऊ शकला नाही. लोकमान्य टिळक चिरोल खटल्यासाठी विलायतेत होते तेव्हा त्यांनी मजूर पक्षाशी मुद्दाम संधान बांधले आणि पक्षाच्या निधीस देणगीही दिली. हुजूर पक्षाच्या हातून जे मिळणार नाही ते मजूर पक्षाच्या हातून मिळेल, ही आपल्याकडील अपेक्षा त्या काळी भाबडी म्हणण्यासारखी नव्हती. सायमन कमिशनाला मॅकडोनल्डने मूक संमती दिली तेव्हा तिला पहिला तडा गेला, एवढे मात्र म्हटले पाहिजे.

1924 साली काही महिने आणि पुन्हा 1929 च्या जूनपासून मॅकडोनल्ड पंतप्रधान झाला. दुसऱ्या खेपेस मजूर पक्षाचे 287 सभासद निवडून आले होते; पार्लमेंटातील तो सर्वांत मोठा पक्ष होता, परंतु निर्भेळ बहुमत नव्हते. त्यानंतर थोड्याच महिन्यांत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, व्यापार आखडला, आणि दहा-अकरा लाखांच्या घरात असलेली बेकारांची संख्या दोन वर्षांत पंचवीस लाखांच्या पलीकडे गेली. बेकारांना द्यावयाच्या भत्त्याचा बोजा खजिन्यावर वाढू लागला. 1931 च्या मे महिन्यात ऑस्ट्रियातील एक प्रचंड पेढी बुडाली, तिच्या मागोमाग जर्मनीतील पेढ्या डळमळल्या, आणि लंडनमधील ठेवी सोन्याच्या रूपाने परत मागण्याची झुंबड उडाली. कारण पौंडाचा दर तेव्हा सोन्याशी बांधलेला होता. त्यातच सर जॉर्ज मे यांच्या समितीने जुलैअखेर अहवाल प्रसिद्ध करून अंदाजपत्रकात 12 कोटी पौंडांची तूट येणार असल्याचे भाकीत केले आणि बेकारभत्त्यात 20 टक्के कपात सुचविली. बुडत्या पौंडाला सावरण्यासाठी न्यूयॉर्क आणि पॅरिस येथील सावकारांकडून कर्ज काढणे प्राप्त होते, आणि सावकारांना हमी हवी होती ती काटकसरीची.

मंत्रिमंडळाने 5 कोटी 60 लाख पौंडांची काटकसर मुकाट्याने मान्य केली होती, ही गोष्ट पुढे फार थोड्यांनी आठवणीत ठेवली. अडले ते बेकारभत्त्यातील 10 टक्के कपातीवर. कामगारसंघांच्या सर्वोच्च मंडळाने, म्हणजे ज्यांच्या वर्गणीवर हा पक्ष उभा होता त्यांनीच, कपातीस साफ नकार दिला होता. 23 ऑगस्टच्या रविवारी रात्री मंत्र्यांची मते घेतली तेव्हा 11 कपातीच्या बाजूने आणि 9 विरुद्ध पडली. एवढ्या फुटीनंतर सरकार चालणे अशक्य होते. पंतप्रधान सर्वांचे राजीनामे घेऊन राजवाड्यावर गेला. सहकाऱ्यांची समजूत अशी की, आपण विरोधी बाकांवर बसणार आणि आपला नेता आपल्या अग्रभागी असणार. दुसऱ्या दिवशी दुपारी मॅकडोनल्डने त्यांना सांगितले की, राजाच्या आग्रहावरून हुजूर आणि उदारमतवादी पक्षांसह आपण राष्ट्रीय सरकार बनवीत आहोत, आणि त्याचे पंतप्रधान आपणच. मंत्रिमंडळातील तिघेच त्याच्याबरोबर गेले, आणि पार्लमेंटातील सभासदांपैकी जेमतेम मूठभर. सप्टेंबरअखेर पक्षाने त्याला काढून टाकले. ज्या सोन्याच्या दरासाठी हे सारे घडले, तो दर त्या नव्या सरकारला महिनाभरसुद्धा टिकविता आला नाही. 21 सप्टेंबरला पौंड सोन्यापासून सुटला, आणि आकाश कोसळले नाही.

दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी निघालेले आपले प्रतिनिधी या उलथापालथीच्या ऐन भरात लंडनला पोहोचले. गांधीजींनी मुंबईचा किनारा सोडला तो नवे सरकार आल्यावर अवघ्या पाच दिवसांनी. परिषदेच्या अध्यक्षस्थानी मॅकडोनल्डच होता, चेहरा तोच होता, वाणीही तीच. परंतु हिंदुस्थान खात्याचा मंत्री बदलून तेथे हुजूर पक्षाचा सर सॅम्युएल होअर आला होता, आणि पंतप्रधानाच्या शब्दामागे आता त्याचा स्वतःचा पक्ष उरला नव्हता. आंबेडकर आणि जयकर यांसारख्या मुरब्बी कायदेपंडितांना सत्ता कोठे गेली हे ओळखावयास वेळ लागला असेल, असे मला वाटत नाही.

27 ऑक्टोबरच्या निवडणुकीत मॅकडोनल्ड जुन्या जर्मन नोटा हातात नाचवून, मजूर पक्ष आला तर तुमच्या पैशाची हीच गत होईल, असे मतदारांना सांगत फिरला. चाळीस वर्षे समाजवादाचे प्रवचन करीत आलेला त्याचा अर्थमंत्री स्नोडेन याने रेडिओवरून आपल्याच जुन्या सोबत्यांच्या कार्यक्रमास बोल्शेविकी वेडाचे रूप ठरविले. निकाल लागला तेव्हा मजूर पक्षाचे 287 चे 52 झाले होते. मावळत्या मंत्रिमंडळातील जे पक्षाबरोबर राहिले त्यांपैकी एकटा जॉर्ज लॅन्सबरी पार्लमेंटात परतला.

येथे आकड्यांकडे जरा बारकाईने पाहावयास हवे. 1929 साली मजूर पक्षास सुमारे 84 लाख मते पडली होती. 1931 साली ती 65 लाखांच्या आसपास आली. म्हणजे जागा पाचांत चार गेल्या, पण मतदार चारांत एकापेक्षा अधिक गेला नव्हता. जागांचा एवढा सत्यानाश झाला तो बाकीचे पक्ष एकवटून बहुतेक ठिकाणी सरळ लढती झाल्यामुळे. आणि 1935 साली मते पुन्हा जवळजवळ पूर्वीइतकी झाली. श्रद्धाभंगाची जी कथा सांगितली जाते तिच्याशी हे जुळत नाही. मला याचा अर्थ असा दिसतो की, डरहॅमच्या खाणकामगाराची किंवा वेल्समधील पोलादकामगाराची मूळ निष्ठा मॅकडोनल्डवर नव्हतीच. ती होती आपल्या संघटनेच्या शाखेवर, सहकारी दुकानावर, आठवड्याची वर्गणी गोळा करणाऱ्या शेजाऱ्यावर. मॅकडोनल्ड त्या निष्ठेचा मानकरी होता, मालक नव्हता. ज्या पक्षाला असा तळ नसतो, जेथे पुढारी म्हणजेच पक्ष, तेथे पुढारी गेला की अनुयायाला परत जावयास घर उरत नाही. ऑस्वल्ड मोस्लेच्या नव्या पक्षाची गत तीच झाली. या मोस्लेने बेकारीवर सरकारी खर्चाने रोजगार निर्माण करण्याची तपशीलवार योजना मंत्रिमंडळापुढे मांडली होती. ती फेटाळली गेली तेव्हा 1930 च्या मेमध्ये त्याने राजीनामा दिला, नेत्यांवरील रागाने पक्ष सोडला, आणि स्वतःच नेता होऊन अखेर काळ्या सदऱ्यांच्या फॅसिस्ट जमावात जाऊन पोहोचला.

मोस्लेचा शेवट वाईट झाला म्हणून त्याची योजना वाईट ठरत नाही. तिचा उल्लेख करावा लागतो तो एवढ्यासाठी की, विश्वासघाताची कथा पक्षाला फार सोयीची पडली. दोन वर्षे सत्तेवर असून बेकारीवर या पक्षापाशी उपाय नव्हता; समाजवादाचे गीत गाणाऱ्यांचा अर्थमंत्री एखाद्या सनातनी सावकाराच्या धाटणीने हिशेब लिहीत होता, आणि बाकीचे मंत्री त्यावर सह्या करीत होते. या नादारीचे खापर एका माणसाच्या डोक्यावर फुटले, त्यालाही उमरावांच्या मेजवान्यांची चटक लागली होती हे सांगणे सोपे गेले, आणि आत्मपरीक्षण पुढे ढकलले गेले. डेव्हिड मार्क्वंड या चरित्रकाराने 1977 साली मॅकडोनल्डची बाजू बरीच सावरून मांडली, आणि वैयक्तिक लोभाने त्याने हे केले नाही, देशावर खरेच संकट आहे अशी त्याची खात्री होती, हे मला त्यावरून पटते. पण सहकाऱ्यांना अंधारात ठेवून त्याने जे केले ते क्षम्य ठरत नाही.

डरहॅममधील सीहॅम हा त्याचा मतदारसंघ म्हणजे कोळशाच्या खाणींचा मुलूख. 1931 साली स्थानिक पक्ष विरुद्ध असतानाही तेथील मतदारांनी त्याला एकवार निवडून दिले, यावरून त्या माणसाची पुण्याई किती होती हे कळते. 1935 साली मात्र तेथे शिनवेल त्याच्याविरुद्ध उभा राहिला आणि वीस हजारांहून अधिक मतांनी निवडून आला. मग एका पोटनिवडणुकीत मॅकडोनल्डला स्कॉटिश विद्यापीठांच्या जागेवरून पार्लमेंटात आणावे लागले. विद्यापीठांच्या जागा रद्द कराव्यात असा प्रयत्न त्याच्याच मजूर सरकारने केला होता. 1937 च्या नोव्हेंबरात प्रकृतीसाठी केलेल्या सफरीत, बोटीवरच तो वारला.

पुन्हा असा प्रसंग येऊ नये म्हणून 1933 च्या हेस्टिंग्ज येथील अधिवेशनात पक्षाने नियम केले: सत्ता स्वीकारावी की नाही हे यापुढे एकट्या नेत्याने ठरवावयाचे नाही, आणि मंत्री निवडतानाही इतरांची मसलत घ्यावयाची. 1945 च्या 26 जुलैला मजूर पक्षाचे 393 सभासद निवडून आल्याचे दिसू लागले, तेव्हा पक्षाध्यक्ष हॅरॉल्ड लास्की यांनी क्लेमंट ॲटली यांना नेमके हेच बजावले, की पार्लमेंटातील पक्षाने रीतसर नेता निवडल्याखेरीज सरकार बनविण्याचे पत्करू नका. मॅकडोनल्डच्या कृत्यास अखेरपर्यंत विश्वासघात म्हणणारे ॲटली त्यावर वादात शिरले नाहीत. संध्याकाळी पत्नीने चालविलेल्या लहानशा मोटारीतून ते राजवाड्यावर गेले, पंतप्रधान होऊन परतले, आणि 1933 च्या नियमांची त्या दिवशी पक्षात फारशी कोणी चौकशी केली नाही.