इरिडियमची रात्रपाळी

दुपारी 4.00
शेजारी चहाला बसतात तेव्हा मी पिरनवाडीतून कामाला निघतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांत ओतलेल्या व्हॉल्व्हच्या बॉड्या आणि पंपांचे भाग आतून भरीव आहेत की पोकळ, हे गॅमा किरणांनी तपासायचं, हे माझं काम. कारखान्यातली पोरं मला ‘फोटोवाला’ म्हणतात. फोटो काढताना आसपास माणूस नको, म्हणून काम रात्री.

निघताना छातीवर टीएलडी बिल्ला लावतो. त्यात तीन छोट्या चकत्या असतात. अंगावर किती किरणं पडली याची नोंद त्या ठेवतात आणि ठरलेल्या मुदतीनं बिल्ला प्रयोगशाळेत जातो. आमच्यासाठी मर्यादा वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्ट, सामान्य माणसासाठी 1.

4.45
कुलूपबंद खोलीतून कॅमेरा बाहेर काढतो. कॅमेरा म्हणजे जड पेटी. आतलं कवच युरेनियमचं, आणि त्या कवचात इरिडियम-192 चा सोर्स. तो नव्या मुंबईतल्या वाशीहून ‘ब्रिट’ या सरकारी संस्थेकडून येतो. आला तेव्हा 40 क्युरी होता. इरिडियमचं अर्धायुष्य 74 दिवस. तेवढे दिवस झालेत, म्हणजे आज तो 20 क्युरी. रोज साधारण एक टक्का गळतो.

भिंतीवरच्या तक्त्यात तारीख बघायची, त्या दिवसाचा आकडा घ्यायचा, त्यावरून वेळ काढायची. सोर्स नवा असताना ज्या कास्टिंगला चार मिनिटं लागत होती, त्याला आज आठ. तक्ता न बघता जुनीच वेळ दिली तर फिल्म फिकी येते आणि सगळी मेहनत फुकट.

6.30
दोरी बांधण्याचं काम. हेल्पर पोरगा नवा आहे, त्याला वाटतं मोकळ्या मैदानात एवढी लांब दोरी कशाला. त्याला मी हिशेबच सांगतो. उघड्या 20 क्युरी इरिडियमपासून एक मीटरवर तासाला अंदाजे 100 मिलिसिव्हर्ट. दहा मीटरवर त्याचा शंभरावा हिस्सा, म्हणजे 1. सामान्य माणसाची वर्षाची मर्यादा तिथं तासाभरात संपते. वीस मीटरवर त्याचाही चौथा हिस्सा. अंतर दुप्पट केलं की मात्रा चौपट घटते. पोरगा न बोलता दोरी आणखी मागं नेतो. तिच्यावर पिवळ्या-काळ्या खुणेचे फलक लागतात, दिवा लुकलुकू लागतो.

8.15
पहिला शॉट. कास्टिंगच्या मागं फिल्म, समोर नळीचं टोक. लांब उभं राहून हँडल फिरवलं की सोर्स पेटीतून नळीच्या टोकापर्यंत जातो. आवाज नाही, उजेड नाही, वास नाही. फक्त मीटरचा काटा उचलतो. आठ मिनिटं झाली की हँडल उलटं फिरवून सोर्स परत घ्यायचा आणि मीटर हातात धरून पेटीपर्यंत जायचं. मीटरनं ‘आत आला’ सांगितल्याशिवाय कुणी पुढं सरकायचं नाही.

10.30
डार्करूम. फिल्म डेव्हलपरमध्ये, मग पाण्यात, मग फिक्सरमध्ये. बाहेर येऊन हात पुसतो तोवर गेटवरचे वॉचमन मामा चहा घेऊन उभे.

“जेवलासा काय साहेब? टीव्हीवर सारखं लढाईचं दाखवालेत. अणुबॉम्ब पडला तर हीच किरणं की ओ?”

“किरणं हीच, मामा. घड्याळ वेगळं.”

इरिडियम एकच मूलद्रव्य, त्याचं घड्याळही एकच. ते दहाव्या हिश्शावर यायला आठ महिने लागतात. बॉम्बनंतर जी राख खाली बसते तिच्यात शेकडो किरणोत्सारी समस्थानिकं असतात. काही मिनिटांत संपणारी, काही दिवसांत, काही वर्षानुवर्षं राहणारी. झटपट विझणारी आधी विझतात, म्हणून सुरुवातीची उतरण फार तीव्र असते. ढोबळ नियम असा : वेळ सातपट झाली की गॅमाचा जोर दहाव्या हिश्शावर येतो. स्फोटानंतर एका तासानं 1000 असेल, तर सात तासांनी 100, दोन दिवसांनी 10, दोन आठवड्यांनी 1. नवी राख पडायची थांबली, तरच हा हिशेब लागतो.

“मग दोन दिस घरात बसलं की झालं?”

बरंचसं झालं. निदान पहिला दिवस बाहेर पडू नये, एवढं तरी खरं. मामांचं घर जुनं, दीड फूट जाडीच्या मातीच्या भिंतींचं. दाबलेली माती साधारण नऊ सेंटिमीटरला गॅमा निम्मे करते. म्हणजे दीड फुटात पाच वेळा निम्मे, बत्तिसावा हिस्सा. पण वर कौलं. राख छपरावरच बसते आणि कौल गॅमाला अडवत नाही. त्यापेक्षा दोन मजली स्लॅबच्या घरातली खालची, मधली खोली बरी.

राख पडताना उघड्यावर राहिलं की काय होतं, ते घडून गेलंय. 1 मार्च 1954 ला बिकिनी बेटावरच्या अमेरिकी चाचणीची पांढरी राख ‘लकी ड्रॅगन’ या जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवरचे 23 जण त्याच राखेत वावरत दोन आठवड्यांनी बंदरात पोचले. सर्वांत जहाल वेळ त्यांनी उघड्यावर काढली. त्यातला एक सप्टेंबरमध्ये गेला. नेहरूंनी त्याच एप्रिलमध्ये लोकसभेत चाचण्या थांबवण्याची मागणी केली. पुढं 1956 मध्ये भारत सरकारनं अणुस्फोटांच्या परिणामांवर पुस्तक काढलं. ते शास्त्रज्ञ दौलतसिंग कोठारींनी सिद्ध केलं. होमी भाभांबरोबर मुंबईच्या डॉ. वसंत खानोलकरांचीही त्याला मदत होती.

12.15
डबा. भाकरी, झुणका. मामांचा पुढचा प्रश्न कैगाच्या अणुवीज केंद्राचा. इथून सरळ रेषेत दक्षिणेला शंभरेक किलोमीटर. मी सांगतो, अणुभट्टीच्या अपघाताला सातपटीचा नियम लावू नये. भट्टीत इंधन महिनोन्‌महिने जळत असतं, त्यामुळं बॉम्बच्या राखेच्या मानानं दीर्घायुषी द्रव्यं जास्त साठलेली असतात. तिथं पहिले आठवडे धोका आयोडीन-131 चा, अर्धायुष्य आठ दिवस. नंतर राहतो सीझियम-137, अर्धायुष्य तीस वर्षं. चेर्नोबिलला 1986 मध्ये सांडलेलं सीझियम 2016 मध्ये कुठं निम्म्यावर आलं. दहाव्या हिश्शावर यायला शंभर वर्षं लागतात.

1.30
वाळलेल्या फिल्म दिव्यावर धरतो. एका बॉडीत गळ्यापाशी काळसर ढगासारखा डाग : श्रिंकेज. ती नापास. बाकीच्या पास. फाउंड्रीचा सुपरवायझर सकाळी नाराज होईल, पण दाबाखाली फुटण्यापेक्षा इथंच भट्टीत परत गेलेली बरी.

2.30
कॅमेरा खोलीत, दोन कुलपं, वहीत सही. इरिडियम फार क्षीण झालं की ते परत वाशीला जातं. तसं न झालेल्या सोर्सनी माणसं मारली आहेत. दिल्ली विद्यापीठातलं जुनं गॅमा यंत्र 2010 मध्ये मायापुरीच्या भंगार बाजारात पोचलं. चाळीस वर्षांत त्यातलं कोबाल्ट-60 सात-आठ वेळा निम्मं झालं होतं, तरी एक कामगार दगावला. 2008 मध्ये फ्रान्सला लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट सापडलं. ते पोलाद भारतातून गेलेलं होतं, भंगार वितळवताना त्यात सोर्स मिसळलेला.

आपल्या भागात भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या पुष्कळ आहेत. म्हणून सांगणं एवढंच : भंगारात तीन पात्यांच्या खुणेची, आकाराच्या मानानं फार जड पेटी किंवा चकचकीत धातूचा तुकडा दिसला, तर तो कापू नका, खिशात टाकू नका. लांब व्हा, इतरांना लांब करा आणि पोलिसांना कळवा. जुनं झालं म्हणून ते विझलं, असं मीटरशिवाय कुणी सांगू शकत नाही.