पहिली मीटिंग जमली नाही म्हणून...

तळवड्यातील एका वर्कशॉपमध्ये प्रेस मशीनवर काम करणारे चाळिशीतले एक गृहस्थ दारूमुळे दुसऱ्यांदा आमच्या वॉर्डात दाखल झाले. हात थरथरत होते, डोळे पिवळे पडले होते. सहा महिन्यांपूर्वी ते बरे होऊन घरी गेले, तेव्हा डिस्चार्ज कार्डावर मी शेवटची ओळ लिहिली होती, ‘ए. ए. मीटिंगला जाणे.’

‘‘गेला नाहीत का?’’ मी विचारले.

‘‘गेलो की, डॉक्टर. एकदाच गेलो. निम्मे लोक इंग्रजीत बोलत होते. मीटिंग संध्याकाळी सातला आणि माझी सेकंड शिफ्ट. मग राहूनच गेलं.’’

चूक माझी होती. गोळी लिहिताना आम्ही डोस लिहितो, वेळ लिहितो. मीटिंग लिहून देताना मात्र मी नुसते नाव लिहिले होते.

‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ म्हणजेच ए. ए. ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांसाठी चालवलेली चळवळ आहे. 1935 मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन हा शेअर दलाल आणि डॉ. बॉब स्मिथ हे सर्जन एकत्र आले. दुसऱ्या मद्यपीशी मोकळेपणी बोलले की आपली दारू दूर राहते, हे त्यांना उमगले आणि त्यातून ही चळवळ उभी राहिली. भारतात ती 1957 मध्ये मुंबईत सुरू झाली. सदस्य होण्यासाठी एकच अट आहे, दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, आडनाव सांगावे लागत नाही.

याचा उपयोग होतो का? 2020 मध्ये कॉक्रेन या संस्थेने 27 अभ्यासांचा, सुमारे साडेदहा हजार रुग्णांचा आढावा घेतला. रुग्णाला पद्धतशीरपणे ए. ए.शी जोडून देणारे उपचार घेतलेल्यांपैकी वर्षभरानंतर सुमारे 42 टक्के लोक दारूपासून दूर होते. इतर मानसोपचार घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण 35 टक्के होते. फरक जादूचा नाही, पण खरा आहे. मात्र नुसते ‘जा’ म्हणणे वेगळे आणि जोडून देणे वेगळे.

मग आपली मीटिंग कशी निवडायची? आधी शिफ्ट बघा. चाकण, भोसरी, तळवडे या पट्ट्यात शिफ्ट दर आठवड्याला बदलते. त्यामुळे एकाच मीटिंगवर अवलंबून न राहता संध्याकाळची एक, सुट्टीच्या दिवशीची एक आणि अडीअडचणीला मोबाइलवरची एक, अशा दोन-तीन हेरून ठेवा. नंतर भाषा बघा. मनातली लाज, भीती माणूस आपल्या भाषेतच बोलतो. मराठी किंवा हिंदी मीटिंग कुठे आहे, हे ए. ए.च्या मदत क्रमांकावर विचारता येते. जाण्या-येण्याचा रस्ताही बघा. वाटेत नेहमीचा बार लागत असेल तर दुसरा रस्ता धरा. सुपरवायझर किंवा शेजारी भेटेल ही धास्ती असेल, तर दोन स्टॉप पुढची मीटिंग गाठा. काही मीटिंग ‘खुल्या’ असतात, तिथे घरचेही बसू शकतात. ‘बंद’ मीटिंग फक्त मद्यपींसाठी असते. महिलांनी आपल्याला मोकळेपणा वाटेल असा गट जरूर विचारून घ्यावा.

आणि एका मीटिंगवरून निकाल देऊ नका. प्रत्येक गटाचा स्वभाव वेगळा असतो. निदान पाच-सहा ठिकाणी बसून पाहा. पहिल्या दिवशी बोलायलाच हवे असे नाही, नुसते ऐकले तरी चालते.

आमच्या या भागाला देहू-आळंदीचा शेजार आहे. माळ घालून दारू सोडलेले लोक मी पाहिले आहेत. त्यातल्या टिकलेल्यांना विचारले, तर ते रोजच्या भजनाबद्दल, बरोबरच्या माळकऱ्यांबद्दल सांगतात. म्हणजे तिथेही संगतच कामी येते. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’नेही गटातल्या आधाराला मोठे स्थान दिले. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’चे वेगळे गट असतात. नवरा येवो न येवो, पत्नीने तिथे जायला हरकत नाही.

दोन इशारे महत्त्वाचे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली, तर पहिल्या तीन-चार दिवसांत झटके, भ्रम होऊ शकतात, जिवावरही बेतते. म्हणून आधी रुग्णालय, मग मीटिंग. तसेच गटात कुणी सांगितले म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करू नका. मन फारच खचले तर ‘टेलि-मानस’च्या 14416 या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते.

त्या गृहस्थांना या वेळी मी नुसती ओळ लिहून दिली नाही. वॉर्डातूनच एका जुन्या सदस्याला फोन लावून दिला. डिस्चार्जनंतरच्या रविवारी तो सदस्य मोटारसायकल घेऊन त्यांच्या दारात उभा होता. पहिली मराठी मीटिंग त्यांना आवडली नाही, दुसरीही नाही. तिसरीत एक जण प्रेस शॉपमधलाच निघाला. परवा ते लिव्हरच्या तपासणीसाठी आले होते. ‘‘किती दिवस झाले?’’ मी विचारले. ‘‘आजचा धरून एकशे बारा,’’ ते म्हणाले आणि घाईने उठले. फर्स्ट शिफ्ट सुटली होती, मीटिंगची वेळ होत आली होती.