पोट उडतंय, हे आईला आधी दिसतं

तान्ह्या बाळाला न्यूमोनिया झाला की सगळ्यात आधी कळतं ते आईला. दवाखान्याची पायरी चढण्याच्या कितीतरी आधी तिच्या लक्षात येतं, की बाळ नीट ओढत नाही, नाकपुड्या फुलताहेत आणि पोट भात्यासारखं खालीवर होतंय. घरात शब्द फिरतो, ‘पोट उडतंय’. आईचं हे निरीक्षण बिनचूक असतं. चूक होते ती त्यानंतर. पोट उडतंय म्हणजे दुखणं पोटातच आहे, असं घर ठरवून टाकतं. मग पोटावर बिब्बा घातला जातो, शेकलेलं पान बांधलं जातं आणि डोंगरपट्ट्यात काही ठिकाणी अजूनही चुलीत तापवलेलं लोखंड बाहेर निघतं.

खरं दुखणं असतं छातीत. फुफ्फुसात कफ आणि सूज साठली की ते ताठर होतं. पुरेशी हवा ओढण्यासाठी छातीखालचा श्वासपटलाचा स्नायू जीव तोडून काम करू लागतो, म्हणून पोट जोरजोरात हलतं आणि श्वास आत घेताना बरगड्यांचा खालचा भाग खोल जातो. हलतं पोट, बिघडलेली असते छाती.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मेळघाटातल्या सिमोरी गावात बावीस दिवसांच्या एका बाळाला श्वासाचा त्रास होऊ लागला, तेव्हा त्याच्या पोटावर तापवलेल्या विळ्याने पासष्ट चटके दिले गेले. तिकडे या प्रकाराला ‘डंबा’ म्हणतात. मेळघाट ज्या सातपुड्यात आहे, त्याचीच रांग पश्चिमेला रावेर, यावल, चोपडा, शिरपूरच्या डोक्यावरून पुढे जाते. डाग देणं, बिब्बा घालणं खानदेशालाही नवं नाही. हे करणारे लोक निर्दय नसतात. बाळ वाचावं म्हणूनच ते करतात, आणि म्हणूनच नुसता गुन्हा दाखल करून ही गोष्ट थांबत नाही. लहान मुलांचे बहुतेक खोकले दोन-तीन आठवड्यांत आपोआप बरे होतात. डाग दिलेलं मूल बरं झालं, की त्याच्या पोटावरचा व्रण पुढची वीस वर्षं गावाला पुरावा म्हणून दिसत राहतो. जे मूल गेलं, त्याचा पुरावा कुणाच्या डोळ्यांसमोर राहत नाही.

‘डाक्टरले काय समजस?’ हा प्रश्न पाड्यावरच विचारला जातो असं समजू नये. जळगावच्या रिंग रोडवर राहणारा शिकलेला बापही तो विचारतो, फक्त शब्द वेगळे असतात. सर्दी विषाणूची आहे, प्रतिजैविकाची गरज नाही, तीन-चार दिवस वाट पाहू, असं डॉक्टर म्हणाले की हा बाप म्हणतो, ‘यांनी काही दिलंच नाही.’ संध्याकाळी दुसरा दवाखाना, तिथे इंजेक्शन. किंवा थेट मेडिकलवर जाऊन मागच्या वेळची बाटली. पाड्यावरच्या आजीचा विश्वास डागावर, याचा सुईवर. मुलाला तपासून जो ‘थांबा’ म्हणाला, त्याच्या ज्ञानाला दोघांच्याही लेखी किंमत नाही.

जुलाबाच्या बाबतीत हे फार ठळक दिसतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, त्यात मुलाला जुलाब लागतात आणि घरातलं मोठं माणूस पाणीच बंद करतं. कारण काय, तर पाजलं की लगेच बाहेर पडतं. इथेही डोळ्यांना दिसलं ते खरंच आहे. पण मूल जुलाबाने मरत नाही, पाणी आटल्याने मरतं. जुलाब चालू असतानाही आतड्याची एक वाट उघडी राहते. साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र आलं, की त्या वाटेने पाणी शरीरात शोषलं जातं. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पिंपात कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं. तीस टक्क्यांच्या आसपास गेलेले मृत्यू चार टक्क्यांच्या खाली आले. आज ओआरएसची ती पुडी आणि सोबत चौदा दिवसांच्या झिंकच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. पण पुडी देणारा डॉक्टर लोकांना डॉक्टर वाटत नाही. ‘सलाईन लावा’ हा हट्ट धरून धडधाकट पिऊ शकणाऱ्या मुलाच्या नाजूक हाताला सुया टोचून घेतल्या जातात. पुडीवरचा हा अविश्वास मला बिब्ब्याइतकाच घातक वाटतो, कारण तो शहरात, शिकलेल्या घरात आणि पैसे मोजून जोपासला जातो.

अफवेचं तर विचारूच नका. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याच्या बाजारात जमावाने भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार केलं. कारण होतं मुलं पळवणारी टोळी आल्याची मोबाईलवरची अफवा. पोरांच्या काळजीपोटी माणसं काय खरं मानतील आणि काय करून बसतील, हे त्या दिवशी अख्ख्या महाराष्ट्राने पाहिलं. त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला राज्यात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळाशाळांत लस द्यायची होती. त्याच मोबाईलवर आता दुसरा मजकूर फिरू लागला, या सुईने मुलं पुढे वांझ होतात. अनेक पालकांनी त्या दिवशी मुलांना शाळेतच पाठवलं नाही. चार वर्षांनी, २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी आणि मालेगावात गोवर उसळला. मालेगाव धुळ्याहून महामार्गाने पन्नासेक किलोमीटर. दगावलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी लस घेतलेली नव्हती.

गोवराला आपल्याकडे आजार मानतच नाहीत, देवीचा कोप समजतात. कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवून दवाखाना टाळला जातो. पाला राहू द्या, त्याने काही बिघडत नाही. पण गोवराच्या मागोमाग न्यूमोनिया येतो, जुलाब येतात, आणि अंगात ‘अ’ जीवनसत्त्व कमी असेल तर डोळे जाऊ शकतात. म्हणून गोवर झालेल्या मुलाला लागोपाठ दोन दिवस या जीवनसत्त्वाचा डोस देतात. तो उशाशी ठेवलेल्या पाल्यातून मिळत नाही.

आता दुसरी बाजू सांगितली नाही, तर हा लेख पालकांवर अन्याय करेल. लोकांचा विश्वास उडतो तो उगाच नाही. जून २०२० मध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयातून बेपत्ता झालेली ८२ वर्षांची करोनाग्रस्त आजी आठ दिवसांनी तिथल्याच स्वच्छतागृहात मृत सापडली. ज्या घराने ही बातमी वाचली, त्याने नातवाला तिथे भरती करताना दहादा विचार केला, तर त्याला अडाणी म्हणता येणार नाही. २०२५ च्या पावसाळ्याअखेर मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे ‘कोल्ड्रिफ’ हे खोकल्याचं औषध घेऊन वीसहून अधिक मुलं मूत्रपिंड निकामी होऊन गेली. त्यांतली अनेक नागपूरच्या रुग्णालयांत उपचार घेत होती. औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं. आणि ते मुलांना मिळालं होतं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. त्यानंतर केंद्राने पुन्हा बजावलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली शक्यतो टाळावीत. म्हणजे ‘काही औषध नको, वाट पाहू’ म्हणणारा डॉक्टरच बरोबर होता. पण त्याच्याकडून रुग्ण कधीच निघून गेलेले असतात.

या अविश्वासाचं टोक धुळ्याने पाहिलं आहे. मार्च २०१७ मध्ये डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांनी तिथल्या शासकीय रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला इतकं मारलं, की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरचे निवासी डॉक्टर संपावर गेले. मेंदूचा शल्यविशारद तिथे उपलब्ध नव्हता, हा त्या तरुण डॉक्टरचा दोष नव्हता. व्यवस्थेतली रिकामी जागा लोकांना दिसत नाही, समोर उभा असलेला माणूस दिसतो.

मग मार्ग काय? तो महाराष्ट्रातच, गडचिरोलीत सापडला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या आईला आणि दाईला अडाणी ठरवलं नाही. लोक आजाराला काय म्हणतात ते शिकून घेतलं, त्यांच्या नजरेवर विश्वास ठेवला आणि त्या नजरेला मोजमापाची जोड दिली. आकडे न येणाऱ्या दाईंसाठी मण्यांचं एक साधन केलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सोबत मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर तो न्यूमोनिया. पुढे ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग झाला आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं. १९९९ मध्ये तो ‘लॅन्सेट’ने छापला. आज आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तुमच्या दारात येते, त्याचं मूळ या प्रयोगात आहे. तिला उंबऱ्यावरून परत पाठवू नका.

डॉक्टरांनाही एक मागणं आहे. ओपीडीत दीडशे मुलं असतात हे मान्य, पण ‘पोट उडतंय’ म्हणणाऱ्या आईला ‘तुला काय कळतं’ म्हणू नका. ‘बरोबर पाहिलंस, आता हे बघ’ म्हणून बाळाचं झबलं वर करा आणि तिच्यासमोर श्वास मोजा. सोबत आजी आली असेल तर तिलाही दाखवा, कारण घरी गेल्यावर औषध द्यायचं की नाही हे बहुतेकदा तीच ठरवणार असते.

आणि पालकहो, हे मोजणं तुम्हीही आजच शिकून घ्या. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना कपडे वर करून, घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, किंवा छाती खोल जाताना दिसली, तर सकाळची वाट पाहू नका. मूल अंगावर पीत नसेल, सगळं उलटून टाकत असेल, झटके आले असतील किंवा हाक मारूनही उठत नसेल, तरीही नाही. १०८ ला फोन करा आणि निघा. न्यूमोनियाची लस म्हणजे पीसीव्ही दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना सरकारी केंद्रात फुकट मिळते. घरातलं लसीकरणाचं कार्ड काढून ती दिली गेली आहे का, तेवढं आज बघा.