मोठ्या मुलांचा धडा : खरा प्रश्न, खरा कागद

पहिली-दुसरीच्या वर्गात डोकावले की भिंतीवर चित्रे दिसतात, कोपऱ्यात चिंचोके, मणी, काड्यांचे गठ्ठे दिसतात आणि मुले जमिनीवर गोल करून बसलेली असतात. नववी-दहावीच्या वर्गात मात्र रांगेतली बाके, फळा, पाठ्यपुस्तक आणि दप्तरातले गाइड एवढाच ऐवज असतो. कृती आणि शोध लहान मुलांसाठी, मोठ्यांचा ‘पोर्शन’ संपवायचा, हा समज पक्का बसला आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये कृतीतून, शोधातून, बालककेंद्री पद्धतीने शिकवावे असे स्पष्ट लिहिलेले आहे. पण तो कायदा वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंतचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. मूल स्वतंत्रपणे विचार करायला लागते नेमके तेव्हाच त्याच्या हातातले साहित्य आपण काढून घेतो. कागल तालुक्यातले आठवी ते दहावीचे वर्ग डोळ्यांसमोर ठेवून, हे साहित्य परत कसे देता येईल ते इथे पाहू.

विद्यार्थी केंद्रस्थानी म्हणजे काय

खेळ घेतला, गट पाडले, चार्ट लावला की धडा विद्यार्थिकेंद्री होतो असे नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला ‘असे झाले तर काय होईल’ हा विचार पेलतो. अन्याय चटकन दिसतो. आपल्याला लहान समजून काही करायला लावले की तो मनातून वर्गाबाहेर जातो. त्याला तीन गोष्टी लागतात : ज्याचे उत्तर खरोखरच हवे आहे असा प्रश्न, ते उत्तर ज्यातून काढता येईल असा कागद किंवा वस्तू, आणि त्याचे म्हणणे ऐकून त्यावर उलटा प्रश्न विचारणारे कोणीतरी. शिक्षकाचे काम यात कमी होत नाही. फक्त त्यातला मोठा भाग तासाच्या आधी, तयारीत होतो.

अनुभवातून शिकण्याचा हा विचार जगभर मांडणाऱ्यांत जॉन ड्यूई यांचे नाव अग्रणी आहे. कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे विद्यार्थी होते. आणि २१-२२ मार्च १९२० रोजी ज्या माणगाव परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी बाबासाहेबांचे नेतृत्व जाहीरपणे पुढे केले, ते माणगाव तेव्हा कागल जहागिरीतलेच. शाहू महाराजांचा जन्मही कागलकर घाटग्यांच्या घरातला. हा विचार कागलला परका नाही.

आपल्या भागातली उदाहरणे

कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केले आणि मुलांच्या अनुभवातून अभ्यासक्रम कसा उभा राहतो ते करून दाखवले. पण ती शाळा प्राथमिक. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात त्यांनी खेड्याच्या गरजा आणि शिक्षण यांची सांगड घातली.

मोठ्या मुलांसाठी मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पाबळचा प्रयोग. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. त्यातून आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम तयार झाला. त्यात अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग आहेत. मुले आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात आणि ते काम गावाला उपयोगी पडणारे असते. वेल्डिंग केलेले टेबल खरोखर कोणीतरी वापरणार असते, त्यामुळे काटकोन चुकला की तो शिक्षकाने सांगावा लागत नाही, टेबल डुगडुगते. चूक कळण्याची अशी सोय गणिताच्या, भूगोलाच्या तासात कशी करायची, एवढाच आपला प्रश्न आहे.

एक तास उसाच्या बिलाचा

कागलमध्ये शाहू साखर कारखाना आहे, हमीदवाड्याला मंडलिक कारखाना आहे. हंगाम सुरू झाला की रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी काटा पावती येते आणि खुंटीला अडकवलेल्या पिशवीत जाते. नववी-दहावीच्या बीजगणितातली दोन चलांतली रेषीय समीकरणे या पावतीवर अख्खी शिकवता येतात.

शिक्षकाने एक नमुना पावती तयार करावी. भरलेल्या वाहनाचे वजन २६.४ टन, रिकाम्याचे ७.९ टन. निव्वळ ऊस किती? १८.५ टन. हे सगळ्यांना जमते, म्हणून सुरुवात इथून. मग दुसरा कागद द्यायचा. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी ठरवलेली एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर : साखर उतारा १०.२५ टक्के असेल तर क्विंटलला ३५५ रुपये, त्यापुढे दर ०.१ टक्का वाढीला ३.४६ रुपये जादा, उतारा घटला तर त्याच हिशेबाने कमी, पण साडेनऊ टक्के किंवा त्याखाली कितीही उतरला तरी ३२९.०५ रुपये.

आता शिक्षकाने बोलायचे नाही. प्रश्न एकच : हे ३२९ रुपये पाच पैसे आले कुठून?

मुलांना आधी वाटते, सरकारने असाच ठरवलेला आकडा असेल. मग कोणीतरी १०.२५ मधून ९.५ वजा करते. पाऊण टक्का, म्हणजे ०.१ चे साडेसात टप्पे. साडेसात गुणिले ३.४६ म्हणजे २५.९५. आणि ३५५ मधून २५.९५ गेले की बरोबर ३२९.०५ उरतात. पाच पैशांचा हिशेब जुळला की वर्गात जो आवाज होतो, तो सूत्र पाठ करून कधी होत नाही.

पुढची पायरी आलेखाची. आडव्या अक्षावर उतारा, उभ्यावर दर. साडेनऊपर्यंत रेषा सपाट, तिथून तिरपी वर. रेषेचा चढ म्हणजे काय, हे आता वेगळे सांगायला नको : एक टक्का उताऱ्यामागे क्विंटलला ३४ रुपये ६० पैसे, टनाला ३४६ रुपये. उतारा १२.२५ असेल तर टनाला ४,२४२ रुपये येतात. मग विचारायचे, आपल्या १८.५ टनांवर उतारा १२.२५ ऐवजी १२ निघाला तर किती गेले? सुमारे १,६०० रुपये. उतारा कोण मोजते, कोणत्या हंगामाचा धरायचा, या वादाचे मूळ मुलांना इथे आकड्यांत दिसते. दरवर्षी जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत काय मागितले जाते, ते त्यांनी ऐकलेले असतेच.

हुशार गटासाठी आणखी एक कागद ठेवावा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळायला हवेत, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. एफआरपीतून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो, तो किती, हे घरी विचारून यायचे.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. घरची खरी पावती किंवा बिल वर्गात मागवू नये. पावतीवर नाव असते, बिलात सोसायटीच्या कर्जाची वजावट असते. शिवाय वर्गात भूमिहीन घरातली मुले असतात, मराठवाड्यातून आलेल्या तोडणी टोळीतले एखादे मूल असू शकते. नमुना पावती सगळ्यांची सारखीच. आणि टोळीतल्या मुलाला जे ठाऊक असते, मोळी किती किलोची, एका दिवसात जोडी किती टन तोडते, ते जमिनीच्या मालकाच्या मुलाला ठाऊक नसते. तोडणीचा हिशेब करणारा प्रश्न कृतिपत्रिकेत असला तर त्या दिवशी वर्गाला त्या मुलाकडून शिकावे लागते.

दूधगंगेचे पाणी कोणाचे

गणितात उत्तर एक असते. सामाजिक शास्त्रांत तसे नसते, हे शिकवायला सुळकूड योजनेइतका जवळचा विषय नाही. पंचगंगेच्या प्रदूषणाला कंटाळलेल्या इचलकरंजीसाठी कागल तालुक्यातल्या सुळकूडजवळून दूधगंगेचे पाणी न्यायची योजना केंद्राच्या ‘अमृत’मधून मंजूर झाली आणि दूधगंगाकाठच्या गावांनी तिला कडाडून विरोध केला. दोन्ही बाजूंनी मोर्चे निघाले. मुलांच्या घरांत यावर बोलणे झालेले असते, मते ठाम असतात.

म्हणूनच आधी आकडे. दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणाची साठवण क्षमता सुमारे २५.४ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, अर्थात २,८३० कोटी लिटरच्या आसपास. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. तीन लाख लोकांना वर्षभर किती लागेल? मुलांनी गुणाकार केला की उत्तर अर्ध्या टीएमसीच्या किंचित वर येते. एवढ्यावर एक गट म्हणेल, मग विरोध कशाला? लगेच दुसरा कागद द्यायचा : एप्रिल-मे महिन्यांत नदीत पाणी केव्हा सोडतात, उपसाबंदी म्हणजे काय, कर्नाटकाचाही या प्रकल्पात वाटा आहे. वर्षाचा हिशेब आणि मे महिन्यातला हिशेब एक नसतो, हे कळणे म्हणजेच भूगोल.

यानंतर भूमिका वाटाव्यात, आणि त्या उलट्या वाटाव्यात. नदीकाठच्या गावातल्या मुलीने इचलकरंजीतल्या गृहिणीची बाजू मांडायची, कागल शहरातल्या मुलाने मोटारपंपावर शेती असलेल्या शेतकऱ्याची. शेवटी मतदान घेऊ नये. प्रत्येकाने दुसऱ्या बाजूचा आपल्याला पटलेला एक मुद्दा लिहून द्यावा. शिक्षकाने आपले मत सांगू नये, असे मला ठामपणे वाटते. सांगितले की मुले त्याच दिशेने बोलायला लागतात.

कृतिपत्रिका लिहिताना

पाठ्यपुस्तकाखालच्या ‘रिकाम्या जागा भरा’ उतरवून काढल्या तर ती कृतिपत्रिका होत नाही. एका पानाला एक मुख्य प्रश्न पुरतो. तो असा असावा की उत्तर पानावर छापलेले नाही, पण पानावरच्या माहितीतून निघते. पहिले पाऊल वर्गातल्या प्रत्येकाला टाकता येईल इतके सोपे हवे, शेवटचे चार-पाच जणांनाच जमेल असे असले तरी चालते. आकडे खरे असावेत, ओबडधोबड असले तरी. १८.५ टनांऐवजी २० टन घेतले तर गुणाकार सोपा होतो, पण मुलाला वास येतो की हे गणित बनवलेले आहे.

पानाच्या तळाशी एक ओळ मोकळी सोडावी : ‘तुला पडलेला प्रश्न.’ दहावीचे भूगोलाचे पुस्तक क्षेत्रभेटीच्या धड्यानेच सुरू होते, नळदुर्ग ते अलिबाग. ती सहल पुस्तकातच वाचून संपवण्यापेक्षा, त्याच नमुन्याची प्रश्नावली तयार करून मुलांना पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत नाहीतर कापशीच्या चपला करणाऱ्या कारागिरांकडे पाठवता येते. प्रश्नावली मुलांनीच लिहावी. ‘धंदा कसा चाललाय?’ हा प्रश्न गळतो आणि ‘एका जोडाला किती दिवस लागतात, चामडे कुठून येते?’ हे राहतात, तेव्हा अर्धे शिकणे झालेले असते.

घरची बोली

चर्चेच्या पहिल्या दहा मिनिटांत मुलांना कागली बोलू द्यावे. ‘काय कराय लागलाईस’ म्हणणाऱ्या मुलाला मध्येच ‘प्रमाण भाषेत बोल’ म्हटले की विचार तुटतो, पुढे तो हात वर करत नाही. लिहिताना प्रमाण मराठी येऊ द्यावी, ती दुसरी पायरी. आनंद यादव कागलचे. शिकण्यासाठी घरच्यांशी झगडणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराची त्यांची ‘झोंबी’ १९८७ मध्ये आली आणि १९९० मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठीच्या तासाला मुलांना आजी-आजोबांच्या शाळेविषयी विचारून यायला सांगावे, शाळा सुटली असेल तर का सुटली, हेही. आजी किती शिकल्या आणि का थांबल्या, याचा वर्गाचा मिळून एक तक्ता केला तर मराठी, इतिहास आणि संख्याशास्त्र एका कागदावर येते.

साठ मुले, पस्तीस मिनिटे, बोर्डाची परीक्षा

शिक्षकांची अडचण खरी आहे. वर्ग भरलेला, तास छोटा, वर बोर्डाचा निकाल. म्हणून रोज असा तास घ्यायचा हट्ट नको. एका विषयात महिन्याला दोन धडे असे झाले तरी पुष्कळ. बाके हलवायची गरज नाही, पुढच्या बाकावरच्यांनी मागे वळून बसले की चौघांचा गट तयार होतो. झेरॉक्स प्रत्येकाला लागत नाही, गटाला एक कागद दिला तर तो सगळ्यांना मिळून वाचावा लागतो आणि ते बरेच. पाच मिनिटे एकट्याने, पंधरा मिनिटे गटात, दहा मिनिटे फळ्यापाशी, उरलेल्या वेळात वहीत एक उत्तर. वहीतले ते उत्तर शिक्षकाने घरी नेऊन वाचावे. कोण कुठे अडकले हे तिथे कळते, चाचणीपर्यंत थांबावे लागत नाही.

परीक्षेचे म्हणाल तर आलेख, टक्केवारी, क्षेत्रभेट, मत मांडून लिहिणे हे सगळे प्रश्नपत्रिकेत येतेच. ऊस बिलावर चढ समजलेल्या मुलाला परीक्षेतला आलेख नवा वाटत नाही. अर्थात त्याला परीक्षेच्या साच्यात उत्तर लिहायचा सराव वेगळा द्यावा लागतो. तो टाळू नये.

साहित्य साठवणे

एका शिक्षकाने एकट्याने हे सगळे करायचे म्हटले तर दुसऱ्या वर्षी दम निघतो. एका केंद्रातल्या चार-पाच शाळांच्या शिक्षकांनी विषय वाटून घ्यावेत. कोणी पावती आणि एफआरपी, कोणी धरणाचे आकडे, कोणी कारागिरांच्या मुलाखती. प्रत्येक संच एका फाईलमध्ये, वर तारीख, आत मूळ कागद, कृतिपत्रिका आणि मुलांनी विचारलेल्या प्रश्नांचे पान. हे शेवटचे पान दरवर्षी जाड होत जाते आणि पुढच्या वर्षीची कृतिपत्रिका त्यातूनच सुधारते. केंद्र सरकारचा नव्या हंगामाचा दर जाहीर झाला की उसाच्या संचातले आकडे खोडून नवे लिहायचे. आलेख मात्र कोरा ठेवायचा, तो नव्या वर्गाने काढायचा.