सुपारी, हळद आणि मुखातील तंतुमयता

जखम भरून येताना शरीर त्या जागी कोलॅजन या प्रथिनाचे धागे विणते आणि कार्य संपताच हे विणकाम थांबविते. इजा वारंवार होत राहिली तर ते थांबत नाही. मऊ ऊतींची जागा राठ तंतू घेतात. या अवस्थेस तंतुमयता म्हणतात. यकृत, फुप्फुसे, मूत्रपिंडे यांप्रमाणेच मुखाच्या अंतःत्वचेलाही ती ग्रासते. श्वार्ट्‌झ यांनी 1952 मध्ये पूर्व आफ्रिकेतील पाच भारतीय स्त्रियांमध्ये मुखातील या विकाराची नोंद केली. 1953 मध्ये जोशी यांनी भारतात त्याचे वर्णन केले.

तिखट खाताना आग होणे, गालाची आतील त्वचा पांढुरकी व ताठर होणे आणि तोंड उत्तरोत्तर कमी उघडणे ही याची लक्षणे होत. याचे प्रमुख कारण सुपारी. तिच्यातील अ‍ॅरेकोलिन हे द्रव्य तंतू निर्माण करणाऱ्या पेशींना उत्तेजित करते. सुपारीतील तांबे कोलॅजनचे धागे एकमेकांत घट्ट गुंफणाऱ्या विकराला बळ देते, तर टॅनिनमुळे ते धागे सहजी विरघळत नाहीत. अशा रीतीने निर्मिती वाढते आणि विघटन घटते. गुटखा, मावा, खर्रा या सर्वांत सुपारी असतेच. म्हणून तंबाखू वगळलेली सुपारीही निर्धोक नव्हे.

मग वनस्पतींमध्येच यावर उपाय सापडेल काय, असा प्रश्न स्वाभाविक आहे. हळदीतील कुर्क्युमिन हे द्रव्य 1815 मध्ये वेगळे करण्यात आले. प्रयोगशाळेत ते दाह चेतविणाऱ्या व तंतुनिर्मितीचा आदेश देणाऱ्या रासायनिक संदेशांना आवर घालते. टोमॅटोतील लायकोपिनचाही असाच अभ्यास झाला आहे. रुग्णांवरील लहान चाचण्यांत या दोहोंनी आग कमी झाल्याचे व तोंड काही प्रमाणात अधिक उघडू लागल्याचे आढळले. तथापि या चाचण्यांतील रुग्णसंख्या अल्प व कालावधी थोडा आहे. म्हणून या द्रव्यांना आज पूरक उपचाराचेच स्थान देता येते.

यात आणखी एक अडचण आहे. हळदीत कुर्क्युमिनचे प्रमाण शेकडा सुमारे 2 ते 5 एवढेच असते आणि ते आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. मिऱ्यातील पिपेरिनसह दिल्यास रक्तातील त्याचे प्रमाण पुष्कळ वाढते, असे 1998 मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी दाखविले. परंतु अशा तीव्र गोळ्यांनी काहींना यकृतदाह झाल्याच्या नोंदीही अलीकडे झाल्या आहेत. स्वयंपाकातील हळद आणि औषधी मात्रेतील कुर्क्युमिन यांत म्हणूनच भेद केला पाहिजे. वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी, हा समज तर खुद्द सुपारीनेच खोटा ठरविला आहे.

हा विकार कर्करोगपूर्व मानला जातो. केरळमधील 66 रुग्णांच्या 17 वर्षांच्या पाहणीत शेकडा 7.6 जणांना मुखाचा कर्करोग झाला, असे 1985 मध्ये प्रसिद्ध झाले. एकदा राठ झालेली ऊती पूर्ववत मऊ करणारे खात्रीचे औषध अद्याप नाही. यास्तव सुपारी कायमची सोडणे हाच उपचाराचा पाया होय. तोंडाचे व्यायाम, औषधे, प्रसंगी शस्त्रक्रिया आणि नियमित तपासणी ही त्यापुढची पावले.

वाचकांनी आपली तीन बोटे उभी धरून दातांमधून तोंडात जातात का, हे पाहावे. जात नसल्यास हळदीच्या गोळ्यांवर विसंबून न राहता दंतवैद्यांकडून विनाविलंब तपासणी करून घ्यावी.