अर्ध्या सावलीतली फुलझाडं: वऱ्हाडच्या उन्हात काय टिकतं?

आजचा विषय आहे घर आणि वॉल कंपाउंडच्या मधली ती चिंचोळी पट्टी. तिथं दिवसभर ऊन येत नाही, मग फुलझाडं कोणती लावायची?

आधी एक सांगतो, ही जागा वाईट आहे असं समजू नका. मे महिन्यात अकोला-अमरावतीत पारा ४५च्या वर जातो. तेव्हा दुपारी सावली मिळणारी जागा म्हणजे सोनं आहे, बापा!

पण सावली कोणत्या वेळची, ते पाहा. पूर्वेला सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारनंतर भिंतीची सावली, ही जागा एक नंबर. पश्चिमेला नेमकं उलटं: ऊन तितकेच तास, पण सगळं दुपारचं, वरून तापलेली भिंत.

उत्तरेची बाजू मात्र फसवते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून तिथं दिवसभर सावली दिसते. मेच्या चौथ्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावली दिवस येतो, दुपारी सूर्य थेट डोक्यावर. तिथून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो भर दुपारीही किंचित उत्तरेकडेच असतो. म्हणून सकाळी ९, दुपारी १२ आणि ४ वाजता एकाच ठिकाणावरून मोबाइलवर फोटो काढा, आणि ते मेमध्येच काढा.

आता झाडं. माझी पहिली पसंती अबोली. दोन-तीन फुटांची, केशरी फुलांची. वास नाही, पण वेणीत शोभते. तिच्या सुकलेल्या बोंडावर पाणी पडलं की ते तटकन फुटतं आणि बिया उडतात, लहान मुलांना दाखवाच! तिला ओल हवी, पण साचलेलं पाणी नको. आपली काळी माती चिकट, म्हणून वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळून थोड्या उंचवट्यावर लावा.

पाणी घालायला रोज वेळ नसेल, तर कोरांटी. पिवळी काटेरी कंपाउंडकडे लावा; जांभळी-पांढरी येण्याजाण्याच्या बाजूला चालते, ती पावसाळा सरला की बहरते. तगरही चालेल, पण बुटक्या जातीची मागा, नाहीतर खिडकी झाकून टाकते.

एक्झोरा आणि अनंत नर्सरीत लय मोहात पाडतात. पण दोघांनाही आम्लधर्मी माती हवी, आणि आपली माती चुनखडीची. मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून ते आणखी पाणी घालतात. त्यानं काहीच सुधरत नाही. हौस असेल तर कुंडीत वेगळी माती भरून लावा.

पूर्णेच्या खोऱ्यात, दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात असाल, तर बोअरचं पाणी खारट असतं. तिथं नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणीच द्या. आणि हो, कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी झाडांना घालू नका. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात.

लागवड दोन चांगले पाऊस झाल्यावरच करा. नर्सरीतलं रोप हिरव्या जाळीखाली वाढलेलं असतं, त्याला आणल्या आणल्या जमिनीत लावू नका. आठ-दहा दिवस कुंडीतच, सकाळचं ऊन रोज थोडं थोडं वाढवत ठेवा.